पोत्याच्या मागचं नाव

सुवर्णाची अर्धा एकर शेवंती आमच्या केडगावच्या घराला लागूनच आहे. तिची शाळा नववीत सुटली. माहेर आणि सासर दोन्ही पूर्वीचे मेंढपाळ. गेल्या वर्षी दसऱ्याआधी तिच्या ठिबकच्या नळ्या पांढऱ्या खड्यांनी बुजल्या आणि निम्मी झाडं वाळली. कारण कुणालाच कळलं नाही. सासरे ज्योतिबा आबा म्हणाले, "यंदा फूल न्हाई निघालं, तर ऊस लावायचा."

जूनमध्ये ती खतांची रिकामी पोती घेऊन माझ्याकडे आली. पुढे कंपनीने ठेवलेलं झगझगीत नाव, मागे बारीक इंग्रजीत रसायनाचं खरं नाव.

"बाई, हे मागलं शिकवा."

मी रसायनशास्त्र शिकले त्याला साठ वर्षं झाली, पण नियम तोच आहे: धातूचं नाव आधी, जोडीदाराचं मागून. रोज दुपारी ती अर्धा तास बसे. तिच्या प्रश्नांसाठी मला जुन्या वह्या काढाव्या लागत.

"कार्बन डायऑक्साइडमध्ये दोनाचा 'डाय' हाय. कॅल्शियम क्लोराइडमध्ये क्लोरीन दोनच, मग तिथं का न्हाई?"

मी सांगितलं, कार्बन एका ऑक्सिजनशीही जुळतो आणि दोनांशीही, म्हणून तिथे मोजावं लागतं; कॅल्शियमला किती क्लोरीन लागतात ते ठरलेलंच असतं, वेगळं मोजून सांगत नाहीत.

"म्हंजी मेंढरू म्हटलं की चार पाय सांगायला नकोत!"

मला शाळेत हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

बारा ऑगस्टला सकाळी कुंपणापलीकडे आवाज चढले. इथे मोटरला लागणारी थ्री-फेज वीज मोजकेच तास असते, म्हणून लोक दोन-दोन खतं एकाच टाकीत ओतून मोकळे होतात. आबांनी दोन पोती उघडली होती आणि सुवर्णा टाकीसमोर आडवी उभी होती.

"आबा, ह्यात कॅल्शियम नायट्रेट, त्यात मॅग्नेशियम सल्फेट. एकत्र आले की जोडीदार बदलत्यात. कॅल्शियम सल्फेट व्हतं. गेल्या साली नळीत तेच बसलं."

"दोन महिन्यांत मास्तरीण झालीस व्हय? लाईट जाईल, सरक."

"दोन बरण्यांत करून दावते. खोटी पडले तर उद्याच ऊस लावा."

काचेच्या बरण्या माझ्याकडच्याच. तिने दोन्ही खतं वेगवेगळी, भरपूर घालून विरघळवली. दोन्हीकडे पाणी नितळ. मग एकातलं दुसऱ्यात ओतलं. आम्ही तिघं बघत राहिलो. बघता बघता पाणी ताकासारखं झालं आणि तळाशी पांढरा गाळ बसू लागला.

आबांनी तो बोटांत चोळून पाहिला. "गेल्या साली म्याच वतलं व्हतं," एवढंच म्हणाले.

सुवर्णाने दुसऱ्या पोत्याचं तोंड बांधलं. "हे परवाच्या पाण्याला सोडू, आबा. तुम्ही मोटर चालू करा, लाईट जाईल."

यंदा दसऱ्याला शेवटच्या सरीपर्यंत शेवंती फुलली. परवा यवतच्या दुकानात आबा भेटले. दुकानदार एका नव्या खताचं गुणगान गात होता. आबांनी पोतं उलटं केलं.

"म्होरलं नाव ऱ्हाऊ द्या. मागलं वाचा. न्हाईतर थांबा, सुनेला फोन लावतो."