झऱ्याला पहार लावली तेव्हा

आमची वाडी मुरुडच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर, दहा घरांची. लग्न होऊन तिथं गेले तेव्हा मला वाटे, इतकी हुशार सून या डोंगरानं पाहिलीच नसेल. वय सोळा, अक्कल त्याच्या निम्मी.

साऱ्या वाडीला पाणी एकाच झऱ्याचं, तेही चढावर. हंडा आणताना माझी मान दुखे. मी घरच्यांच्या मागं लागले. पोफळीची खोडं चिरून, पोखरून, त्यांच्या पन्हळी एकीला एक जोडत पुरुषांनी पाणी दारात आणलं. आलं करंगळीएवढं. हंडा भरेपर्यंत बायका माझ्याकडं बघत.

झऱ्याला लोखंड लावायचं नाही, ही वाडीची रीत. गाळसुद्धा करवंटीनं काढायचा. मी ह्यांना म्हटलं, "अवो, तोंडावरचा दगड पहारीनं जरा हलवा की."

"आय काय म्हनंल?"

"भरलेला हंडा बघून गप ऱ्हातील."

ओटीवर सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं. "नको गो बाय," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या शेतावर गेल्या आणि आम्ही दगड हलवला. पाणी मनगटाएवढं झालं. मी घरोघर फिरून कौतुक गोळा केलं, जणू डोंगर मीच व्यायले होते. सासूबाईंनी त्या पाण्याला तोंड लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी तांबडं आलं. चौथ्या दिवशी झऱ्यापाशी कान दिला तर आत खोलवर घागर बुडावी तसा आवाज. पाचव्या सकाळी पन्हळीत खेकडा बसलेला, कोरडा. झऱ्याच्या तोंडाशी नुसता चिखल. पावसाला अजून दोन महिने होते. बायका पन्हळीपाशी येऊन रिकामे हंडे परत नेत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग खाली खाडीकाठच्या एका कोळणीनं सांगितलं, खाडीच्या चिखलात गोड पाणी बुडबुडतंय, ओहोटीला दिसतं. आमचाच झरा की दुसरा, देव जाणे. दहा घरच्या बायका उतरलो.

"भर गो," सासूबाई म्हणाल्या. "आता दर्या सांगंल तवा सैपाक."

करवंटीनं उपसत मी पहिला हंडा भरला. हात भरभर चालवत होते, तरी भरतीचं पाणी घोट्याला लागलं. ओंजळ चाखली तर खारट. मागं नऊ हंडे रिकामे होते.