झग्यावरची चुणी

फळीवर कोयता आपटल्याशिवाय ती मासळीवाली बोलायला सुरुवात करत नसे. सुरमईचं मुंडकं उडे, गिऱ्हाइकाच्या अंगावर खवले उडत आणि मग ती म्हणे, "देवाक वास येता." हे कशालाही लागू होतं. शिळा बांगडा, पुढाऱ्याचं भाषण, रविवारी अत्तर फासून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी मंडळी.

माझं शिवणकामाचं दुकान मासळीबाजाराला लागून आहे. मी हिंदू, पण चर्चच्या मिरवणुकीतल्या मानकऱ्यांचे लाल झगे वर्षानुवर्षं मीच शिवतो. एकदा दारू प्यायलेल्या खलाशाने तिच्या टोपलीला लाथ मारली. तिने त्याला टोपलीतल्या बांगड्यांनीच झोडपलं. मग त्यालाच चहा पाजून म्हणाली, "आता घराक जा. बायलेक मारू नको." हसू नका. तेव्हा मीही हसलो होतो.

प्रार्थनेला ती सगळ्यांच्या मागे, फरशीवर गुडघे टेकायची. ओठ हलायचे, आवाज नाही. तिचा जावई मात्र पहिल्या बाकावर. त्याचं आमेन रस्त्यावर ऐकू यायचं.

गुड फ्रायडेच्या आठवड्यात तो आपला झगा घेऊन आला. "हूक तुटलाय, मास्तर. गुरुवारी द्या." हुकात बाईचे लांब केस अडकले होते, मुळासकट. गळपट्टीवर रक्त होतं. लाल कापडावर ते दिसत नाही, ओल्या बोटाला लागतं. मी केस काढले, हूक शिवला, इस्त्री करून झगा घडी घालून दिला आणि गप्प बसलो. गिऱ्हाईक चांगलं होतं, एवढंच कारण.

गुड फ्रायडेला सकाळी ती लेकीकडे गेली, तर लेक चुलीपाशी पडलेली. नवऱ्याने जबडा मोडलेला. झग्यावर एक चुणी राहिली होती म्हणून. ती चुणी बायकोने पाडली असं त्याला वाटलं. ती माझ्या घडीची होती.

लेकीला शेजाऱ्यांच्या रिक्षात घालून तिने इस्पितळात धाडलं आणि तडक चर्च गाठलं. मिरवणूक पायऱ्या उतरत होती. जावई पुढे, हातात मेणबत्तीचा लाकडी दांडा. तिने दांडा हिसकावला. पहिला घाव खांद्यावर, दुसरा तोंडावर. त्याचं नाक फुटल्याचा आवाज मी रस्त्यापलीकडून ऐकला. तिसऱ्या घावाला दांडा मोडला, तेव्हा तिने हात चालवले.

"बाय, देवासमोर?" फादर म्हणाले.

"देवासमोरच, फादर. तो घरात मारता तेवा देव खंय जाता?"

सगळ्यांसमोर माफी मागितल्याशिवाय तिने आत पाऊल ठेवायचं नाही, असं मानकऱ्यांनी ठरवलं. ती म्हणाली, "तो आधी माझ्या चेडवाची मागूंदे. मगे मी मागतंय." त्याने बायकोची माफी मागितली नाही. नाकाला टाके घालून तो पुन्हा पहिल्या बाकावर बसला. लेक आईकडे राहायला आली आणि बोलेनाशी झाली. आई मात्र दर रविवारी चर्चच्या दाराबाहेर, तापलेल्या चिऱ्यांवर गुडघे टेकून असायची.

शेवटी एकदा मी तिला सगळं सांगितलं. केसांचं, चुणीचंही. तिचा कोयता वर गेला आणि माझ्या बोटांपासून इंचभर फळीत रुतला.

"केस दिसले तेवाच माका सांगूचा हुता, मास्तर."

मग तिने माझी मासळी नेहमीसारखी साफ करून दिली. मला ती गिळवली नाही. अजूनही मला माझी लाज वाटते.

गेल्या वर्षी ती गेली. चर्चच्या दारात जावई झगा घालून पेटीला खांदा द्यायला पुढे आला. लोक सवयीने बाजूला झाले. लेक मध्ये येऊन उभी राहिली. वाकड्या जबड्यातून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या आवशीक हात लावू नको."

तो तिला ढकलायला गेला. मी त्याची गळपट्टी धरली आणि त्याला पायऱ्यांवरून खाली लोटलं. मग त्याच्या जागी मी खांदा दिला.

पेटी हलकी होती. माफी न मागता ती आत गेली.