गाठीतला कापूर
आई गेल्यावर तिचं हिरवं पातळ उन्हात टाकायला काढलं आणि कापराचा वास आला. बाबा गेले आणि त्यांना आम्ही हिंगणघाटहून मेडिकल कॉलेजात नेलं, त्या दिवशी ती हेच नेसली होती. बाबांनी देहदान केलं होतं. संमतिपत्रात धार्मिक विधींची एक ओळ होती. त्या ओळीपुढे त्यांनी ठसठशीत अक्षरात 'नको' लिहिलं होतं आणि साक्षीदार म्हणून खाली मी सही केली होती. आईला काय हवं, हे विचारणारी ओळ त्यात नव्हती. कॉलेजातली फरशी नुकतीच पुसलेली होती, फिनेलचा वास येत होता. मला रडू येत नव्हतं, नुसती तहान लागली होती. स्ट्रेचर न्यायला आलेला माणूस कागद वाचून थांबला आणि हळूच म्हणाला, "काकू, याच्यात तर नको लिहिलं हाय. पण तुमाले काई करायचं असन त करून घ्या, मी तिकडं तोंड करतो." आईने पदराची गाठ सोडली. आत कापराच्या दोन वड्या होत्या. त्यांच्याकडे ती बघत राहिली. मग म्हणाली, "नाई भाऊ. त्याईले नाई चालत," आणि गाठ पुन्हा घट्ट मारली. स्ट्रेचर आत गेलं. बाहेर येऊन आम्ही चहा प्यायलो. घरी तिने आंघोळ केली, पातळ मात्र धुवायला टाकलं नाही. आज पातळ उलगडलं, तर ती गाठ अजून तशीच होती. मी दातांनी सोडवली, तर आत काहीच नव्हतं. कापूर कधीच उडून गेला होता. मी पातळ झटकलं आणि गाठ होती तशी मारून ठेवली.