आबांच्या दहाव्याला खंडूआप्पा बोलले ते

शिरूर तालुक्यात नव्वद सालानंतर जो कुणी नाव असलेला माणूस गेला, त्याच्या दहाव्याला घाटावर माईकपाशी खंडूआप्पा साळवे उभे असायचेच. माजी सरपंच गेले, हेडमास्तर गेले, तमाशाच्या फडाची मालकीण गेली, बोलावणं खंडूआप्पांना. पार दौंडकडून, कासुर्डीहून गाडी यायची न्यायला. आमच्याकडची रीत ठाऊक असेल तुम्हाला. पिंडाला कावळा शिवला, की श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. बँकेच्या वतीने, सोसायटीच्या वतीने, दूध संघाच्या वतीने. गेलेला माणूस राहतो बाजूला, आणि येणारी निवडणूक माईकवर येऊन बसते. या सगळ्या गोंधळात माणसं वाट बघायची ती शेवटी बोलणाऱ्या खंडूआप्पांची.

खंडूआप्पा एकतीस वर्षं शिरूर डेपोत कंडक्टर होते. आवाज खणखणीत, आणि लक्षात ठेवण्याची ताकद तर विचारूच नका. दहाव्याच्या आधी दोन दिवस ते त्या गावात जायचे, पण घरच्यांशी कमी बोलायचे. गेलेल्याकडे कामाला असलेल्या बायांना, न्हाव्याला, शेजारच्या भांडकुदळ भाऊबंदाला विचारायचे. मग माईकवर अशी एखादी गोष्ट सांगायचे, की सख्ख्या मुलानेही ती ऐकलेली नसायची. खोट्या स्तुतीचं एक अक्षर नाही. हेडमास्तरांच्या वेळी ते म्हणाले होते, की गुरुजी फार मारायचे, पण मारलेल्या पोराच्या घरी संध्याकाळी जाऊन बसायचे. गुरुजींचा थोरला ढसाढसा रडला होता.

एक गोष्ट मात्र ते पाळायचे. साळवे म्हणजे बौद्ध घर. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर बापाने देव्हाऱ्यातले देव ओढ्यात सोडले, तेव्हा खंडू दहा वर्षांचा होता आणि टोपली त्यानेच धरली होती. त्यामुळे पिंड मांडले, की खंडूआप्पा माईक बंद करून बाजूला जायचे. कावळ्याचं तुमचं तुम्ही बघा म्हणायचे. लोकांनाही त्याची सवय झाली होती, कुणी वावगं वाटून घेत नव्हतं.

तर दोन हजार पाचच्या ऑगस्टमध्ये मच्छिंद्रआबा गेले. खारवाडीचे, म्हणजे खंडूआप्पांच्याच गावचे. पंचायत समितीचे माजी सभापती, पेपरात अर्धं पान फोटो. आणि या वेळी बोलायचं कसं, असा खंडूआप्पांना पेच पडला.

त्याचं कारण सांगतो. खारवाडीत बौद्धवस्तीची मसणवाट नदीच्या काठाला आहे, आणि मधे आबांचं उसाचं रान. बांधावरून जायची वाट फार पूर्वी रानात गेली. कुणी नेली, कधी नेली, यावर बोलायला कुणी तयार नाही. उन्हाळ्यात ठीक होतं, कोरड्या ओढ्यातून मयत न्यायची. पावसाळ्यात त्याच ओढ्याला कमरेएवढं पाणी. आदल्या वर्षी खंडूआप्पांची बायको, पार्वतीबाई, भर पावसाळ्यात गेली. चौघं खांदेकरी पाण्यात उतरले, एकाचा पाय शेवाळावर सटकला आणि तिरडी कलंडली. पार्वतीबाईंचा हात पाण्यात पडला. खंडूआप्पांनी तो हात उचलून परत छातीवर ठेवला, आणि त्या दिवसापासून दोन महिने हा माणूस ओढ्याकडे तोंड करून बसला नाही.

पार्वतीबाईंच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्धांच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, मच्छिंद्रआबा स्वतः आले होते. समाजमंदिरात, माईक हातात घेऊन, सगळ्या वस्तीसमोर म्हणाले, "ह्या माउलीचे हाल झाले, ते माझ्या डोळ्यापुढनं हालत न्हाईत. वाटंला दोन गुंठे मी देतो." लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता यात चूक झाली ती खंडूआप्पांचीच. दुःखात असलेल्या माणसाने, तेही एवढ्या मोठ्या माणसाला, कागद करून द्या म्हणायचं कसं? ते बरं दिसत नाही. आबांच्या दारात जायचे, चहा पिऊन परत यायचे; आज म्हणू, उद्या म्हणू, करता करता वर्ष गेलं. आबा आजारी पडले आणि गेलेही.

आबांना अग्नी देऊन तिसरा दिवस उगवायच्या आत त्यांच्या मुलाने, भानुदासने, बांधाला काटेरी तारेचं कुंपण घातलं. वस्तीतले चौघंजण त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, आबा भावनेच्या भरात खूप काही बोलायचे. तुमच्याकडं कागद हाय का?

इकडे वस्तीत ताईबाई आजारी होत्या. नव्वदीच्या, सगळ्या वस्तीच्या पोरांच्या सुईण. पंधरा दिवस पाण्याच्या थेंबावर होत्या. ओढा दुथडी वाहत होता. बाजेवर पडल्या पडल्या त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायच्या, पाणी उतरलं का. आता सांगा, असं विचारणाऱ्या म्हातारीला तुम्ही काय उत्तर देणार?

भानुदास नवव्या दिवशी खंडूआप्पांकडे आला. गोड बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता, पण बोलला गोडच. आमदार येणार आहेत, सगळा तालुका येणार आहे, तुम्हीच शेवटचं बोलायचं. जाताना दारात थांबून म्हणाला, "आप्पा, आबांचं चांगलं चांगलं बोला. वाटंचा इषय घाटावर नको. नंतर आपण बसू." खंडूआप्पांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्याच संध्याकाळी समाजमंदिरात बैठक बसली. खंडूआप्पांचा मुलगा विनोद रांजणगावच्या कंपनीत होता. तो कामाचे कपडे न बदलताच आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. उद्या कावळा शिवला नाही, की ते लोक आबांची इच्छा काय राहिली ते शोधत बसतील. त्या वेळी तुम्ही माईकवर म्हणा, वाट द्यायची राहिली. सगळ्या गावासमोर भानुदासला हो म्हणावंच लागेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. खंडूआप्पा म्हणाले, कावळ्याच्या चोचीतून मी वाट मागणार नाही. विनोद भडकला. आईला पाण्यात पाडली तेव्हा कुठं गेली होती तुमची तत्त्वं, असं त्याने भर बैठकीत बापाला विचारलं. खंडूआप्पा उठून घरी गेले. त्यांना ते लागलं होतं, फार लागलं होतं.

दहाव्याच्या दिवशी सकाळी घाटावर मुंगीला जागा नव्हती. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, पुढे खुर्च्यांवर मोठी माणसं. पिंपळाला दोन कर्णे बांधलेले, त्यांचं तोंड नदीवरून थेट वस्तीकडे. पिंड मांडले. माणसं मागे सरली. खंडूआप्पांनी माईक बंद केला आणि बाजूला झाले.

कावळा आला नाही.

म्हणजे कावळे होते. पिंपळावर चांगले दहा-बारा होते. पण खाली उतरायला एकही तयार नाही. भानुदासने हात जोडून सांगितलं, आईला अंतर देणार नाही. कावळे तसेच. आबांची मुलगी उठली, म्हणाली माहेरचं येणं-जाणं मोडणार नाही. नाही. नातीचं लग्न थाटात करू. नाही. देवळाच्या कळसाचं राहिलंय ते करू. एक कावळा खाली आला, दोन उड्या मारल्या, आणि उडून गेला. सगळ्या घाटाने एकदम श्वास सोडला. अर्धा तास झाला. आमदार घड्याळाकडे बघू लागले. भानुदासचा चेहरा उतरला.

मग मागून म्हाळू धनगर बोलला. हा म्हाळू आबांच्या रानात वीस वर्षं खतासाठी मेंढरं बसवायचा. तो सहज म्हणाला, "वाटंचं म्हणा की कुणीतरी. आबा घोकत हुते त्ये." झालं. एवढी मोठी गर्दी, पण सगळी तोंडं एकदमच खंडूआप्पांकडे वळली. वस्तीतली माणसं जागेवर उभी राहिली. विनोद बापाकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत अक्षरशः विनवणी होती. भानुदासही बघत होता. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते सांगायला नको.

खंडूआप्पांच्या हातात बंद माईक. बटण अंगठ्याखाली. बोललो आणि कावळा शिवला, तर वस्तीची चार पोरं उद्यापासून कावळ्याला हात जोडतील. बोललो आणि नाही शिवला, तर भानुदास आयुष्यभर म्हणेल, बघा, आबांच्या मनात वाट नव्हतीच. आणि गप्प बसलो, तर ताईबाईंना त्या पाण्यातून न्यायचं. पार्वतीचा हात त्यांना दिसला. त्यांनी अंगठा बटणावरून काढला.

भटजींनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि विधी उरकला. विनोद पिचकन थुंकला आणि घाटाच्या पायऱ्या चढून निघून गेला. त्याच्यामागे वस्तीतली दहा-पंधरा माणसं गेली. जाताना एकजण खंडूआप्पांना ऐकू जाईल असं म्हणाला, म्हातारा विकला गेला. भानुदासला मात्र हायसं वाटलं. त्याने स्वतः येऊन खंडूआप्पांना पाण्याचा तांब्या दिला.

भाषणं झाली. आमदारांनी आबांना सहकारातला वटवृक्ष केलं आणि निघून गेले. सगळ्यात शेवटी खंडूआप्पा उभे राहिले. आवाज पहिल्यांदा फाटला, मग लागला. त्यांनी बाहत्तरच्या दुष्काळातले आबा सांगितले, सरकारी कामावर वस्तीच्या बायांना सावलीचं काम मिळावं म्हणून मुकादमाशी भांडणारे. तो काळ पाहिलेल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मग ते थांबले. भानुदास खुर्चीत पुढे सरकला.

"मगाशी मी गप्प बसलो," खंडूआप्पा म्हणाले. "मला पाखराला सांगायचं नव्हतं. माणसांना सांगायचं हुतं. आबांनी माझ्या बायकोच्या पुण्यानुमोदनाला, शंभर माणसांदेखत, वाटंला दोन गुंठे देतो म्हणून सांगितलं. ते आबांनी पाळलं न्हाई असं मी म्हणणार न्हाई. म्याच कागद मागितला न्हाई. मोठ्या माणसाला मागायची मला लाज वाटली. आबांचा शब्द पडून ऱ्हायला, तो माझ्यामुळं."

भानुदास उठला. रागाने त्याचा आवाज चिरकला. बापाच्या दहाव्याला अपमान करायला बोलावलं नव्हतं, म्हणाला. वाट देणार नाही, काय करायचं ते करा, कोर्टात जा. त्याची दोन माणसं माईककडे निघाली. खंडूआप्पा माईक धरून तसेच उभे राहिले. बाजी हातची गेली, असंच सगळ्यांना वाटलं. खंडूआप्पांनाही वाटलं.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी उठलं. आबांची बायको, झुंबरबाई. पांढरं कपाळ, दहा दिवसांच्या रडण्याने सुजलेले डोळे. गेल्या साठ वर्षांत तिचा आवाज चार माणसांत कुणी ऐकला नव्हता. ती पुरुषांमधून चालत आली. माईककडे निघालेली ती दोन माणसं बाजूला झाली, दुसरं करणार काय. भानुदास आई, आई म्हणत राहिला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती खंडूआप्पांसमोर येऊन थांबली. माईक दोघांच्या मधे तसाच सुरू होता.

"कुंपण उद्या निघंल," ती म्हणाली. "मोजणीवाला आणा. म्या अंगठा देते."

भानुदास म्हणाला, आई, तुला यातलं काही कळत नाही.

"ते रान माझ्या नावावर हाय," झुंबरबाई म्हणाली. "सिलिंगच्या टायमाला, जमीन सरकारात जाऊ नये म्हणून तुझ्या बापानं केलं. तुला ठावं हाय." मग ती पुन्हा खंडूआप्पांकडे वळली, आणि तिचा आवाज कापला. "पार्वतीला पाण्यातनं नेली तवा म्या बांधावरच हुते, आप्पा. तिचा हात पडलेला म्या बघितला. तवाच दिली असती वाट. वरीसभर तुम्ही आमच्या दारात येत हुता. ह्यांना भेटला, पोराला भेटला, म्हाळूला भेटला. मी चहा आणून देत हुते. मला एकदाबी इचारलं न्हाई."

माणूस मेला की त्याच्याकडच्या कामाच्या बायांनासुद्धा जाऊन विचारणारा हा माणूस. लोकांचे सातबारा काढून द्यायला शिरूरच्या कचेरीत शंभर वेळा गेले असतील, पण त्या रानाचा उतारा त्यांनी कधी बघितला नव्हता. आबांचं रान म्हटलं की आबांचंच, यात बघायचं काय? त्यांनी मान खाली घातली. "चुकलं वैनी माझं," ते म्हणाले. पिंपळावरच्या कर्ण्यांतून ते नदीपलीकडे गेलं. वस्तीच्या तोंडाशी येऊन बसलेला विनोद उठून उभा राहिला. ताईबाईंनी बाजेवरून विचारलं, कोण बोलतंय. शेजारी बसलेल्या सुनेने सांगितलं, आपले खंडूआप्पा हायेत, मच्छिंद्रआबांच्या बायकोची माफी मागतायत.