मामंजींनी मोडलेला हात

लग्न होऊन आले त्याच दिवशी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, माझा गळा धरला. भात वाढायला मी त्यांच्या पाठीमागून गेले होते. पातेलं पडलं, माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. मग त्यांनी मला ओळखलं, हात सोडला आणि म्हणाले, "पोरी, माझ्या मागून येऊ नको. यायचंच तर स्वल्प खाकरून ये." माफी वगैरे मागितली नाही. जे. पी. नगरातल्या आमच्या घरात सगळेच खाकरत फिरायचे. पाहुण्यांना वाटे, या घरात क्षय आहे.

मामंजी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले होते. घरात खायला नव्हतं आणि माझा नवरा पाळण्यात होता, म्हणून भरती झाले. परत आले तेव्हा डावा कान अर्धाच होता. गल्लीत कोणी शौर्याचं विचारलं की ते आतड्यांचं सांगायचे. टेकडीवर शेजारचा जवान आपली आतडी दोन्ही हातांनी आत कोंबत होता आणि पाणी मागत होता. पाणी पाजलं, ते पोटातूनच बाहेर आलं. विचारणारा चहा तसाच ठेवून उठायचा. "प्या की," मामंजी म्हणायचे, "तुम्हीच विचारलंत."

माझी मुलगी एकदा परीक्षेसाठी महायुद्धाची कारणं मोठ्यानं पाठ करत होती. मामंजी ऐकत होते. म्हणाले, "जर्मनीवाल्याला आधीच्या लढाईत पाडला आणि वर तोंडावर पाय दिला. तो दात खात बसला. जपानवाल्याला दुसऱ्याची जमीन पाहिजे, तेल पाहिजे. इंग्रजाला लुटलेलं सोडायचं नाही. आणि मला भात पाहिजे. लागली लढाई."

"आणि परिणाम, आजोबा?"

"गावं जळली. बायकांनी विहिरी जवळ केल्या. बंगालात माणसं रस्त्यावर उपाशी मेली, त्यांच्या बाजूनं आमच्या गाड्या गेल्या. आणि टेकडीवर आमच्या मुडद्यांवर, जपान्यांच्या मुडद्यांवर माश्या सारख्याच."

"हे लिहिलं तर बाई शून्य देतील."

"सरी, बरं. मग पुस्तकातलं लिही."

शहराबाहेर आनेकलला आमचं थोडं शेत आहे. शेजारचं शेत मुनियप्पाचं. तो माझ्या नवऱ्याहून लहान, त्याला अण्णा म्हणायचा. एका वर्षी बांधाच्या दगडावरून दोघांची जुंपली आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मुनियप्पानं चार लोकांत नवऱ्याच्या तोंडावर चप्पल हाणली.

खंडेनवमीला आमच्यात घरची जुनी तलवार पुजतात. म्यानातून काढलेली तलवार तशीच परत घालत नाहीत. कोहळा कापायचा, त्यावर कुंकू ओतायचं, मग म्यान. त्या दिवशी आरती झाली, पण नवऱ्यानं कोहळ्याला हात लावला नाही. तलवार धोतरात गुंडाळली. "आज कोहळ्यावर भागणार नाही," म्हणाला आणि चपला घातल्या. तलवार घेऊन बसनं आनेकलला निघाला होता! तुम्हाला हसू येईल. मला आलं नाही. तो कापून आला असता, मी त्याला ओळखते.

मामंजी दारात उभे राहिले. हातात माझं मुसळ.

"कोणाला कापायला?"

"मुनियप्पाला. वाट सोडा."

"मी कापलीत माणसं. तू कोहळे कापलेस. पोटात घातलेली ओढून निघत नाही रे. छातीवर पाय द्यावा लागतो. तो खालून तुझा पाय धरतो. धरू देशील?"

"त्यानं मला चप्पल मारली!"

"जर्मनीवाल्यालाही मारली होती."

नवऱ्यानं बापाला ढकललं. मामंजींनी मुसळ उचललं आणि त्याच्या उजव्या मनगटावर घातलं. तलवार पडली. नवरा ती डाव्या हातानं उचलायला वाकला, तर त्याच मनगटावर पुन्हा घातलं. हाड कातडी फाडून वर आलं, रांगोळीवर रक्ताची धार लागली. नवरा जनावरासारखा ओरडत होता. मामंजींनी तलवार पायाखाली दाबली. "हात मोडला तर बसतो," म्हणाले, "मुंडकं बसत नाही. पोरी, रिक्षा बोलव."

हात बसला, पण वाकडा. नवरा कित्येक वर्षं बापाशी बोलला नाही. सुरुवातीला त्याला घास घेता येत नव्हता, तेव्हा मामंजीच त्याच्या ताटातला भात कालवायचे. तो मान फिरवून खायचा.

मामंजींना मरणही सुखाचं आलं नाही. तापात पलंगावरून उड्या मारायचे, समोर दिसेल त्याचा गळा धरायला बघायचे. आम्ही हातपाय बांधून ठेवले होते. बांधलेलेच गेले.

आनेकलहून मुनियप्पा आला. न विचारता तिरडीला खांदा दिला, माझ्या नवऱ्याच्या शेजारीच. स्मशानातून परतताना म्हणाला, "अण्णा, दगड मात्र अजून माझ्याच रानात आहे." नवऱ्यानं त्याला तिथंच आईवरून शिवी दिली.

आता त्या शेताच्या चहूबाजूंना इमारती उठल्या आहेत. दोघंही म्हातारे झाले, एकाला ऐकू येत नाही, एकाला दिसत नाही. अजून फोनवर त्या दगडावरून भांडतात. भांडायला दोघंही जिवंत आहेत.