तांबड्या मातीतली द्राक्षं

राजूरच्या उतारावर द्राक्षबाग लावणं म्हणजे खुळेपणा, असं सगळं गाव म्हणायचं. पण सत्यशीलाबाई गावाचं ऐकणाऱ्यातल्या कधीच नव्हत्या. हटवादीपणा म्हणा हवं तर. मी त्याला धमक म्हणतो.

बाग लावून पाच वर्षं झाली, तरी वेली खुरटलेल्या. पानांच्या कडा करपायच्या, घड मूठभर. खत कितीही घाला, पालथ्या घड्यावर पाणी. जमीन सामाईक, त्यामुळे दीर मच्छिंद्र म्हणाला, "वहिनी, आता बास. बाग उपटू आन् टोमॅटो लावू."

बाईंनी माती तपासून आणली आणि तपासणीचा कागद वाचला. माती आंबट निघाली होती. कोपरगावकडच्या पाहुण्यांचं ऐकून त्या दर वर्षी गंधक टाकत होत्या. तिकडच्या काळ्या जमिनीत चुनखडी उदंड, तिथं गंधक ठीक. इथं तांबड्या मातीतला चुना पावसानं आधीच धुऊन नेलेला, त्यात गंधकानं ती आणखी आंबट झालेली. दुसरा कोणी असता तर कागद घडी घालून फळीवर ठेवला असता. बाईंनी तो दिरापुढं धरला. "चूक माझी हाय, भावजी. मला दोन हंगाम द्या. न्हाई जमलं तर बाग उपटायला मीच मशीन बोलावते."

एप्रिलच्या छाटणीला त्यांनी चुन्याची पोती आणली, मोजून पसरली, मातीत कालवली. कामावरच्या बाया हसल्या, "वेलींना पानाचा इडा खाऊ घालती काय गं?" बाईंनी लक्ष दिलं नाही. आठ ओळी मात्र त्यांनी मुद्दाम कोऱ्या सोडल्या.

पहिल्या वर्षी काही म्हणजे काही फरक दिसला नाही. बाईंचं जेवणावरचं लक्ष उडालं. दुसऱ्या वर्षी त्यांनी पानांचे देठ तपासायला धाडले. चुना दिलेल्या वेलींत कॅल्शियम वाढलेलं, स्फुरदही वाढलेलं. कोऱ्या ओळींत जैसे थे. तरी मच्छिंद्रनं मशीनवाल्याला तारीख देऊन ठेवलीच. कागदावर त्याचा भरवसा नव्हता.

काढणीला तो स्वतः काट्यापाशी उभा राहिला. चुन्याच्या ओळींत वेलीमागं नऊ किलो भरले, कोऱ्या ओळींत जेमतेम पाच. त्यानं कुदळ घेतली, दोन्हीकडच्या मुळाशी उकरलं. एकीकडं पांढऱ्या मुळ्यांचं जाळं, दुसरीकडं काळपट, आखूड खुंट.

"सगळ्याच ओळींना का न्हाई टाकला, वहिनी? आठ ओळींचा माल हकनाक गेला की."

"सगळीकडं टाकला असता, तर तुमी म्हनला असता, औंदा पाऊस बरा झाला. आन् खरं सांगू? मलाबी तसंच वाटलं असतं."

मच्छिंद्रनं हात धोतराला पुसले आणि तिथंच उभं राहून मशीनवाल्याला फोन लावला. "येऊ नको. आमची बाग हाय ती."

सात वर्षांत ‘आमची’ तो पहिल्यांदाच म्हणाला होता.