म्हणं आमच्या मेलनं अर्ज जात न्हाय

आधी दारात आले ते कॉम्प्युटर दुरुस्त करणारे दोघं. ते चहा पीत असताना शेजारची मुमताज आली. ती शिवणकाम करते आणि सकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. ब्लाऊज तर असा शिवते, पण ते जाऊ दे.

लेकरांनो, आमच्या नातीचा नोकरीचा अर्ज आज पाचच्या आत कागलच्या कंपनीला जायला पायजे होता. कॉम्प्युटरवरच्या ऑफिस नावाच्या प्रोग्रॅममध्ये तिनं तो लिहिला. पण तिथलं पाठवायचं बटण दाबलं की भलताच मेलचा प्रोग्रॅम उघडायचा. त्यात आमचं खातंच न्हाय.

त्या दोघांतला थोरला म्हणतो, "आजी, हे ऑफिस त्याच मेलनं पाठवतं. सगळं काढून दुसरं घालावं लागंल. तुम्हाला न्हाय कळायचं."

मुमताज म्हणाली, "पावणं, जरा सरका की."

तिनं सेटिंग उघडली. ई-मेलचा प्रोग्रॅम कुठला, असा रकानाच हाय तिथं. तिनं आमचा रोजचा निवडला. शेवटचं बटण मात्र मी दाबलं, चौथी शिकलेल्या बाईनं, आणि अर्ज गेला.

"व्हय, असं बी होतंय," म्हणत थोरल्यानं चहाची बशी तोंडाला लावली.

न येणं हा गुन्हा न्हाय. पण "मला येत न्हाय" म्हणायच्या जागी "तुम्हाला कळायचं न्हाय" कशाला म्हणायचं? तुमच्याकडं बी असंच बोलत्यात का?

जाताना दोघं म्हणाले, तुमचा बिघडलेला प्रिंटर बघायला सोमवारी येतो. मुमताजला बी मी सोमवारीच चहाला बोलावलंय.